पहिल्या संघाचा फोटो

३ ऑगस्ट १९८६, रविवार. शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत फुटबॉल संघाचा सुरुवातीचा इतिहास यावा, म्हणून लेख लिहायला मला प्रवासखर्चासह दीडशे रुपये मानधन मंजूर झाले. हजर चौघे: स्मरणिकेचे चिटणीस, खजिनदार, मी आणि माझा थोरला भाऊ. दादाला बोलावलं होतं, कारण तो पहिल्या संघातून खेळला होता. निदान बोरिवलीतले आमचे सगळे नातेवाईक तसं समजत होते, आणि मीही.

पुरावा म्हणजे एक फोटो. तो दादाच्या बाहेरच्या खोलीत टांगलेला असे. सहा मुलं उभी, पाच बसलेली, मधोमध दादा, मांडीवर चेंडू. घरात चार पाहुणे जमले की दादा त्या फोटोखाली बसून सांगायचा, की स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी आम्ही अंधेरीच्या शाळेवर तीन गोल चढवले.

चिटणीस म्हणाले, "दादांना विचारा आणि चार पानं लिहून टाका. सोपं काम आहे."

मी विमा कचेरीत दावे तपासतो. एकाच माणसाच्या सांगण्यावर मी तिथे चार रुपयेही सोडत नाही. त्या संघातली बरीच मुलं गावठाणातली होती, म्हणून मी तिकडे गेलो. चौकशी केल्यावर लोकांनी त्या वेळच्या गोलकीपरचं घर दाखवलं. शाळेपासून चालत दहा मिनिटं.

"शाळेकडून आलास?" तो ओट्यावरून उठलाच नाही. "चाळीस वर्षांनी रस्ता सापडला काय रे?"

मी फोटोची प्रत पुढे केली. त्याने ती हातात घेतली नाही.

"यात मी कुठे आहे, दाखव."

"तुम्ही दिसत नाही."

"मग गोल कोण सांभाळत होता? तुझा बाप?"

शिव्या देत देतच त्याने सांगितलं. अंधेरीची मॅच जिंकल्यावर मास्तरांनी फोटोवाला बोलावला. अकरापैकी तिघांकडे बूट नव्हते. शाळेचा फोटो अनवाणी नको, म्हणून मास्तरांनी त्या तिघांना बाजूला काढलं आणि बघायला आलेल्यांतले बूट घातलेले तिघे त्यांच्या जागी घेतले.

"आणि हा चेंडूवाला," त्याने लांबूनच बोट दाखवलं, "हा हवा भरायचा, चेंडूची नाडी बांधायचा. बांधायचा चांगली. खेळला कधीच नाही."

"तो माझा भाऊ."

"मग त्याला विचार ना. माझं डोकं कशाला खातोस?"

फोटोतून काढलेला दुसरा गडी आरे कॉलनीत, गुरांच्या गोठ्यावर कामाला होता. तिसरा वारलेला. गोलकीपर काय म्हणाला हे न सांगता मी आरेतल्या माणसाकडून अकरा नावं घेतली. अकराही गोलकीपरने दिलेल्या नावांशी जुळली. दादाचं त्यांत नव्हतं.

आमचा गणपती दादाकडे असतो. दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर मी त्याला आत बोलावलं. चारचौघांत बोलायचं नाही, एवढी काळजी मी घेतली. दार लावायला हवं होतं.

"त्या गोलीने सांगितलं आणि तू मानलंस?" दादाचा आवाज चढला. "मी तुझा सख्खा भाऊ!"

"तू कुठल्या जागेवर खेळलास, तेवढं सांग. तेही लिहितो."

"चाळीस वर्षांपूर्वीचं कोणाला आठवतं रे?"

"गोल किती झाले ते बरं आठवतं."

वहिनी दारात येऊन उभी राहिली. "भावोजी, सणाच्या दिवशी हेच सुचलं का तुम्हाला?"

मी म्हटलं, "चेंडू दादाच्या ताब्यात असायचा, हे खरं आहे. संघासोबतचा माणूस म्हणून त्याचं नाव देतो."

"म्हणजे हमाल!" दादा म्हणाला. "माझ्या नातवंडांना सांगणार, आजोबा हवा भरायचे?" त्याने माझ्या पुढ्यातली मोदकांची ताटली उचलली आणि बाहेर जाऊन दुसऱ्या पाहुण्याला दिली.

मग तो चिटणिसांकडे जाऊन आला. मी लेख घेऊन गेलो तेव्हा त्यांनी तो उघडलाही नाही.

"वादाचा मजकूर आपण छापत नाही. फोटो छापू, खाली ‘पहिला संघ’ लिहू. आणि लेख नाही म्हणजे मानधनही नाही, बरं का."

"खेळलेल्यांची नावं?"

"अहो, जे फोटोत नाहीत त्यांची नावं कुठे घालू? वेगळं पान पाहिजे तर जाहिरात द्या. अडीचशे." ते हसले.

"जाहिरातीतला मजकूर कोण ठरवतं?"

"जाहिरातदार."

"मग फाडा पावती."

त्यांचं हसू गेलं, पण समितीला जाहिराती कमी पडत होत्या. पावती फाडली.

डिसेंबरात स्मरणिका आली. पिठाची गिरणी आणि एक टेलर यांच्यामध्ये माझं पान. वर ‘अंधेरीविरुद्ध खेळलेला संघ’, खाली अकरा नावं, कोण कुठल्या जागेवर खेळला त्यासह. शेवटच्या कव्हरवर पूर्ण पानभर तो फोटो आणि दादाच्या नावाने शुभेच्छा, ‘पहिल्या संघातर्फे’. माझी पावती फाडली त्याच संध्याकाळी चिटणिसांनी माझ्या जाहिरातीची बातमी दादाकडे पोचवली होती. कव्हर तेव्हा रिकामं होतं, ते दादाने घेतलं.

एक प्रत गोलकीपरला नेऊन दिली. त्याने माझं पान वाचलं, मग मागचं कव्हर उलटून पाहिलं.

"या नावांचे पैसे शाळेने भरले?"

"नाही. मी."

"मग हे शाळेने कुठे लिहिलं? हे तू लिहिलंस." त्याने स्मरणिका माझ्या हातात परत दिली. "तुझ्याच घरात ठेव. तिकडे जास्त गरज आहे."

दादा पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलला नाही. माझ्या पानाचे अडीचशे मी भरले, कव्हरचे पाचशे दादाने. दोन्ही रकमा रोख, स्मरणिका समितीच्या खजिनदारांकडे.