यादीतली तीन माणसं

नवरा गेल्यावर आंब्याचा धंदा मी चालवला. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेवढं पुरलं. दादर, गिरगाव, पार्ले, पुणे, सगळीकडच्या गिऱ्हाइकांचे पत्ते मी माझ्या हाताने वहीत लिहीत असे. कोणाला पेटी अक्षय्य तृतीयेच्या आधीच हवी, कोणाला कच्चा माल चालतो, कोण उशीर झाला की पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जातो, सगळं त्यात. ती वही मी पाहुण्यासमोर उघडत नसे. रत्नागिरीत आंबा दारोदारी आहे. गिऱ्हाईक तसं नाही.

मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला मुलाने कॉम्प्युटर आणला. सुनेने दोन पावसाळे बसून वह्या त्यात उतरवल्या, त्याही इंग्रजी अक्षरांत, कारण त्या यंत्राला मराठी येत नव्हतं. माझीच यादी मला वाचता येईना. नवी गिऱ्हाइकं तर वहीत नव्हतीच, फक्त यंत्रात. ते बिघडलं तर बघायचं कोणी, हा प्रश्न होता. मुलगा म्हणाला, त्याच्या कंपन्या असतात, वर्षाचा करार करायचा.

पहिला आला तो मुंबईचा. गळ्यात टाय, मार्चमध्ये. मुलाला तो फार आवडला. मला म्हणाला, "आई, काही बिघडलं की फोन करायचा. चोवीस तासांत आमचा माणूस हजर."

"कशाने येणार?"

"गाडीने."

"कुठल्या?"

"बसने येईल ना."

"मे महिन्यात? चाकरमान्यांना रिझर्वेशन मिळत नाही, तुमच्या माणसाला कोण देणार? आणि फोन करायचा म्हणजे ट्रंक कॉल. तो लागेपर्यंत आंबा पिकून जाईल."

तो हसला आणि मुलाकडे बघून म्हणाला, "आई फार हुशार आहेत." माझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं ते. चहा पाजला आणि वाटेला लावला. मुलगा दोन दिवस माझ्याशी तुटक बोलत होता.

दुसरा इथलाच. एसटी स्टँडमागे त्याचं दुकान होतं. आधी रेडिओ, टीव्ही दुरुस्त करायचा, मग मुंबईत राहून कॉम्प्युटरचं शिकून आला. आल्याबरोबर त्याने यंत्राची मागची बाजू पाहिली, स्क्रूवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "काकू, खारा वारा थेट आत येतोय. खिडकीपासून हलवा." हे टायवाल्याला सुचलं नव्हतं. पण बोट फिरवण्याने मी कोणावर विश्वास ठेवत नाही. त्याने चार गिऱ्हाइकांची नावं दिली, विचारून घ्या म्हणाला.

मी म्हटलं, "ही तुझी गोडवे गाणारी माणसं झाली. पेटीत वरच्या थरात लावलेला आंबा मी बघत नाही. तुला सोडून कोण गेला ते सांग."

तो म्हणाला, "सावर्ड्याचा एक कातवाला, पानातला कात विकतो तो."

मी दुसऱ्या दिवशी सावर्ड्याची गाडी पकडली. कातवाला चांगलाच चिडलेला होता. "अहो, काही विचारलं की म्हणतो, मला माहीत नाही, विचारून सांगतो. ते ऐकायला कशाला ठेवायचा माणूस?"

"मग सांगतो का विचारून?"

"सांगतो. चार दिवसांनी."

परत येताना मी हेच मनात घोळवत होते. माहीत नाही म्हणणारा एक तर खरा असतो, नाही तर कामात कच्चा. दोन्हीही असू शकतो.

तरी मुलाला म्हटलं, सीझनपुरता बघू. आणि त्या दुकानवाल्याने नेमकं नको तेच मागितलं. "यादीच्या दोन प्रती काढा, काकू. एक घरात, एक घराबाहेर. माझ्या दुकानात ठेवली तरी चालेल."

सगळी गिऱ्हाइकं चार चपट्या फ्लॉप्यांवर, आणि त्या ह्याच्या दुकानात! गावात विचारलं तर कळलं की ह्याचा मेहुणा दुसऱ्या एका आंबेवाल्याकडे पेट्या भरतो. मी तोंडावर विचारलं. म्हणाला, "आहे मेहुणा. रत्नागिरीत कोण कोणाचा कोणी लागत नाही?"

मुलगा म्हणाला, "आई, सगळेच तसं करतात. प्रत बाहेरच ठेवायची असते."

"चोरही तेच म्हणेल," मी म्हटलं.

शेवटी सुनेला एकटीला बोलावलं. "गो, त्याला द्यायच्या प्रतीत तीन नावं जास्त घाल. माणसं खोटी, पत्ते खरे." एक पत्ता माझ्या बहिणीचा, दोन जवळच्या नातेवाइकांचे. तिघांनाही कळवून ठेवलं, या नावाने कुठल्याही आंबेवाल्याचं, आमचे आंबे घ्या म्हणून कार्ड आलं तर मला लगेच पत्र टाका. सून म्हणाली, "आई, तुम्ही पोलिसात हव्या होतात." मग नावं घातली आणि फ्लॉप्या त्याला दिल्या. घरातली प्रत मी स्वतः ठेवली, यंत्राजवळच, स्टॅबिलायझरवर.

महिना गेला. कार्ड कोणालाच आलं नाही.

अक्षय्य तृतीयेला पाच दिवस असताना सकाळी वीज खालीवर झाली आणि यंत्र बंद पडलं. शेडमध्ये पेट्या भरून तयार होत्या, ट्रक दुपारी निघायचा होता, आणि पेट्यांवर लावायच्या चिठ्ठ्या यंत्रातून निघायच्या होत्या. तो ट्रक चुकला तर सणाची निम्मी गिऱ्हाइकं गेलीच. दुकानवाला अर्ध्या तासात आला. यादी जिच्यात साठते ती आतली तबकडी गेली म्हणाला. घरातली प्रत घातली, तर तीही वाचता येईना. "स्टॅबिलायझरवर कोणी ठेवली? त्यातली तारेची गुंडाळी लोहचुंबकासारखी असते, फ्लॉपी पुसली जाते," म्हणाला. मी म्हटलं, मी ठेवली. त्याने दुकानात जाऊन स्वतःचं यंत्र गोधडीत गुंडाळून रिक्षातून घेऊन आला, त्याच्याकडच्या फ्लॉप्या घातल्या, आणि अकरा वाजता छपाई सुरू झाली. पोरी चिठ्ठ्या चिकटवत होत्या. ट्रक वेळेवर सुटला.

मग त्याने खिशातून तीन चिठ्ठ्या काढल्या. "ह्या बाजूला ठेवल्यात, काकू. या पेट्या पाठवायच्या नसतील ना?"

सून दुसरीकडे बघायला लागली.

"कसं कळलं तुला?"

"प्रत नेली की दुकानात मी नावं मोजतो. तुमच्या यंत्रातल्यापेक्षा तीन जास्त भरली, तीही शेवटी घातलेली. कमी भरली असती तर घाबरलो असतो."

"म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं. आणि गप्प बसलास?"

"बागेला राखण असते. यादीला ठेवलीत म्हणून मी कशाला बोलू?"

सून हसली. मला हसू आलं नाही. महिनाभर कार्ड आलं नाही म्हणून मी त्याला हळूहळू बरा समजू लागले होते, आणि आता त्याला अर्थच उरला नव्हता. सापळा कुठे लावलाय हे ज्या उंदराला माहीत, तो त्यात सापडत नाही. म्हणून तो उंदीर नाही, असं होत नाही.

"ती तीन वगळून बाकीची मेहुण्याला दिली असतीस तर?" मी विचारलं.

"तर तुम्हाला कळलं नसतं."

त्याने देवाची शपथ घेतली नाही. घेतली असती तर मी त्याला तिथूनच परत पाठवला असता. पण चिठ्ठ्या गुपचूप फाडून टाकता आल्या असत्या, मी आयुष्यभर त्या परीक्षेवर विसंबून राहिले असते, आणि त्याने त्या माझ्या हातात दिल्या. आपल्या बाजूचा एकुलता एक पुरावा माणसाने स्वतःच मोडून ठेवला, याचं काय करायचं ते मला तेव्हा नीट कळलं नाही.

संध्याकाळी मुलाने विचारलं, "मग? मुंबईवाल्याला कळवू का?"

"नको. ह्यालाच बोलाव."

तो तीन वर्षांच्या कराराचा कागद घेऊन आला. कागद इंग्रजीत होता. मी सुनेकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून घेतला, तो समोर बसलेला असताना, आणि जिथे कळलं नाही तिथे दोनदा. मग तीन खोडून एक करायला लावलं.

"एकच वर्ष, काकू?"

"एकच. पुढच्या वर्षी पुन्हा बघेन."

आणि मराठीत सही केली.