परकरातलं अर्धं तिकीट

आमचं गाव सोलापूरहून अक्कलकोटच्या बाजूला, आगगाडीनं अगदी जवळ. आप्पा, म्हणजे आमचे वडील, सोलापुरात गिरणीच्या गोदामात कामाला होते. त्यांचा महिन्याचा पास होता, आणि माझ्याहून दोन वर्षांनी मोठ्या अक्काचा अर्धा पास. ती त्यांच्याबरोबर सकाळच्या गाडीनं मुलींच्या शाळेत जाई. गावातली शाळा चौथीपर्यंतच. ती संपवून मी घरी शेण्या थापत होते. एक तुपाशी, एक उपाशी.

अक्काचं मला सगळंच खुपे. तिच्या परकराला इंजिनाच्या धुराचा वास येई, तोसुद्धा. संध्याकाळी भाकरी मोडता मोडता ती सांगे, आज डब्यात दोन बाया तेलुगूत भांडल्या, आज बाईंनी नकाशा काढायला दिला. मला ते ऐकायचं नसे आणि ऐकल्यावाचून राहवतही नसे. आप्पांनी मात्र शब्द दिला होता, "जूनपासनं तुलाबी नेतो. दोन अर्धे पास झेपत्याल." त्या जूनवर माझा सगळा जीव होता.

अर्धा पास बारा वर्षांच्या आतल्यांना मिळे. पण आमच्याकडे जन्मतारीख कुणाला ठाऊक? म्हणून तिकीटबाबूनं आपलं माप ठरवून टाकलं होतं. मुलगी परकरात असली तर अर्धं, लुगड्यात असली तर पूर्ण. गावातल्या आयांनाही ते सोयीचं होतं. त्या मुलींना होईल तितके दिवस परकरातच ठेवत. अक्का तर अंगानं इतकी किरकोळ की तिला आणखी चार वर्षं परकर शोभला असता. मी मात्र बाभळीच्या फोकासारखी वाढत होते.

त्या संक्रांतीला मावशीनं अक्कासाठी लुगडं पाठवलं. हिरवं, इरकली काठाचं. आईनं ते तसंच ट्रंकेत टाकलं. "पास हाय तवर नेसायचं न्हाय," म्हणाली. अक्काला त्याचं काहीच वाटलं नाही. माझा मात्र जळफळाट झाला. शाळा तिला, गाडी तिला, आणि वर लुगडंही तिलाच? मी तोंड फुगवून बसले, जेवले नाही, ट्रंकेपाशीच घुटमळत राहिले.

आमच्या घरच्या हळदीकुंकवाच्या दिवशी आई वैतागून म्हणाली, "नेस बाई, येवड्या वेळंला नेस. बाया गेल्या की सोडून ठेव." घरात नेसलेलं लुगडं स्टेशनावर कुठं दिसणार, असं आम्हा दोघींनाही वाटलं. मी मिरवत तिळगूळ वाटला. "केवडी दिसतीय की पोरगी. थोरलीपरास हीच थोरली वाटतीय," असं कुणीतरी म्हणालं. ते मी कितीतरी दिवस गुळासारखं चघळलं. तिकीटबाबूची बायकोही आली होती. तिनं कौतुकानं माझी दृष्ट काढली.

जूनमध्ये मी धुतलेला परकर घालून आप्पांच्या शेजारी तिकिटाच्या खिडकीशी उभी राहिले. बाबूनं आधी अक्काकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"थोरलीचा अर्धा देतो. हिचा पूर्ण लागेल."

"दहा वर्साची हाय वो ती," आप्पा म्हणाले.

"आमच्या घरच्या सांगत होत्या, लुगड्यात लई शोभते म्हणून. स्थळं बघताय काय?"

तो चांगल्या मनानं विचारत होता. आप्पांनी वयाचा वाद वाढवावा तर अक्कालाच बारावं सरलं होतं. त्यांनी खाली माझ्याकडे बघितलं. "नेसली हुतीस?"

"व्हय," मी म्हणाले.

पूर्ण पास झेपणारा नव्हता. सोलापूरला जाणारी नवी सर्व्हिस मोटार सुरू झाली होती, पण मोटारवाल्याला परकर काय नि लुगडं काय, माणूस म्हणजे पूर्ण भाडं. शिवाय भरल्याशिवाय ती सुटत नसे. तेलही गेलं, तूपही गेलं. गाडी आली. आप्पांनी अक्काला उचलूनच डब्यात चढवलं, एवढीशी ती. मी एकटी घरी परतले.

त्या संध्याकाळी अक्कानं ट्रंक उघडून लुगडं माझ्या मांडीवर ठेवलं. "घे तुलाच. मला कुटं नेसायचंय," म्हणाली. तिनं मायेनं दिलं, म्हणून मला ते जास्तच लागलं. आता लपवायचं कुणापासून? मी ते रोज नेसू लागले, शेण्या थापायलाही.

पुढच्या वर्षी बाभळीच्या काट्यात अडकून ते उभं फाटलं. आईनं चांगला भाग काढून घेतला, काठाचे बंद लावले आणि छानसं दप्तर शिवलं. अक्काचं जुनं उसवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी माझं लुगडं तिच्या खांद्यावरून गाडीत चढलं आणि सोलापूरच्या शाळेत गेलं.