थांब्या

थांब्याला घराबाहेर पडायला चहा निवून जाईल इतका वेळ लागायचा. गॅस, नळ, पंखा, कुलूप दोनदा ओढून बघणं, आणि वर दारात उभं राहून, “मावशी, माझं काही राहिलं नाही ना?” दिवाळे गावात आमच्या माडीवर तो भाड्याने राहायचा आणि ऐरोलीच्या एका कंपनीत कॉम्प्युटरच्या पोटातलं काम करायचा. त्याचं खरं नाव चांगलं होतं. मी थांब्याच म्हणायचे.

मासळी विकून उठताना मी एकच हाक मारते, “उठले गो!” ते त्याला पटायचं नाही.
“मावशी, कोणी धावत येत असेल तर?”
“तर उद्या येल.”

एकदा तळलेले बोंबील पुढ्यात घेऊन हा भिंतीकडे बघत बसला.
“कोन मेला काय रं?”
“मशीन, मावशी.”

दूरच्या मशीनवरच्या फायली आपल्या मशीनला जोडतात, काम झालं की सोडतात. त्याला अनमाउंट म्हणतात. तर हे सोडताना कर्नल, म्हणजे मशीनच्या मुळाशी असलेला कारभारीच, कोसळायचा. दुरुस्त कर नाहीतर दुसरी नोकरी बघ, असं साहेबाने बजावलं होतं.

कारण त्याने शोधलं. तिकडून उत्तर यायचं बाकी असताना इकडे त्या उत्तरासाठी ठेवलेली जागा मोडली जात होती.
“म्हंजे भाडेकरू आत हाय आनि तुमी खोली पाडली.”
“तसंच.”
“मंग बोंबलनार नाय तर काय!”

दुरुस्ती त्याने स्वभावाप्रमाणे केली. शेवटचं उत्तर येईपर्यंत थांबायचं. साहेबाने पाठ थोपटली. मग एके दिवशी पलीकडचं मशीनच बंद पडलं आणि इकडचं थांबलं ते थांबलंच. साहेब म्हणाला, “यापेक्षा कोसळत होतं ते बरं!”

पुन्हा बोंबील गार. पण या वेळी तो जेवता जेवता स्वतःच बोलला, “थोडं थांबायचं. मग अडकलेल्यांना सांगायचं, उत्तर येणार नाही, निघा. ते निघाले की जागा मोडायची.” हे सांगताना त्याचा चेहरा असा, जणू कोणाला घराबाहेर काढतोय. मशीन सुधारलं, नोकरी टिकली, वर बढती मिळून बंगळूरला बदली झाली. म्हणजे बाहेर तोच निघाला.

जायच्या दिवशी मी नेहमीसारखी बाजारात गेले. मासळी कोणासाठी थांबत नाही. हा बॅगा घेऊन तिथे हजर.
“मावशी, चावी.”
“ठेव.”
हलेना. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून जायला लागली.
“माझं काही राहिलं नाही ना?”
“काय नाय राह्यलं. नीघ आता.”

गेला. मागे वळून बघितलं असेल, मी पापलेट कापत होते.

दुपारी उठताना मी हाक मारली, “उठले गो!” मग पुन्हा एकदा मारली. पाटी कधीच रिकामी झाली होती.