ठकूबाई घरात नाही

बोरी बुद्रुकच्या मळ्यातल्या माणसांना पूर्वी नुसतं दार बघितलं की कळायचं. उघडं दार म्हणजे माणूस घरात, बाहेरून कडी म्हणजे माणूस वावरात. मग उसात बिबटे नांदायला लागले, अगदी सहकुटुंब, आणि दारं दिवसाढवळ्या आतून बंद राहू लागली. त्यात नव्या दारांना लॅचची कुलपं, बाहेरून सगळं सारखंच दिसणार. बंद दारामागं माणूस आहे की नाही, हे कळायची सोयच उरली नाही. आलेला पाहुणा अंगणात उभा राहून हाका मारायचा. आत टीव्हीचा आवाज मोठा असला, तर बिचारा उसाकडं पाठ करून घसा फोडत राहायचा आणि मधूनच मागं वळून बघायचा.

यावर तोडगा काढला ठकूबाईच्या मुलानं. भरत चाकणला एका कंपनीत. वडील कुंडलिकराव गेल्यापासून आई मळ्यात एकटी, आणि चाकणला चल म्हटलं की तिला गोठा आठवायचा. गोठ्यात आता एकही जनावर नव्हतं, तरी आठवायचा. शेवटी भरतनं गावातल्या गोरख वायरमनला गाठून दाराला एक बेल बसवून घेतली. बाहेरच्या बटणावर दोन बारीक दिवे, एक हिरवा आणि एक लाल. हिरव्याखाली लिहिलं होतं ‘आहे’, लालखाली ‘नाही’. आत दाराशेजारी खटका. वर केला की हिरवा, खाली केला की लाल. खटक्यावरही तोच रंग ठिपक्याएवढा दिसायचा, आपण काय लावलंय ते विसरायला नको म्हणून. आणि लाल असला की बेल वाजतच नसे. घरात कुणी नसताना उगाच कुणी बटण दाबत बसायला नको, हे गोरखचं डोकं.

“आन् चोराला कळलं घरात कुणी न्हाई, मंग रं?” ठकूबाईनं विचारलं.

“मंग काय काकू, निवांत काम करंल बिचारा. तुमाला झोपेतनं तरी उठवणार न्हाई,” गोरख म्हणाला आणि चहा पिऊन गेला.

तसा लाल लावायचा प्रसंग ठकूबाईवर फारसा येत नसे. चतुर्थीला लेण्याद्री, कधीमधी नारायणगावचा बाजार, एवढंच. एरवी सगळा मळा तिच्या दारात. कुणी किल्ली ठेवायला, कुणी पोर ठेवायला, कुणी सुनेची कागाळी सांगायला. दारात आलेल्या माणसाला चहा पाजल्याशिवाय तिनं कधी सोडलं नाही, आणि या गोष्टीचा तिला गर्व होता. तो ती लपवतही नसे. ‘आमच्या दारातनं कुणी माघारी गेलं न्हाई’ हे वाक्य तिनं सुनेला, अश्विनीला, इतक्यांदा ऐकवलं होतं की अश्विनी ते ओठ हलवून मागोमाग म्हणायची.

येणाऱ्यांत रोजची एक होती, सारजाबाई. आंबेगावच्या डोंगराकडची, डिंभ्याच्या वरच्या अंगाची. धरणात गाव गेलं, भाताची खाचरं गेली, तशी ती नवऱ्याबरोबर कांद्याच्या लागवडीला खाली उतरली. नवरा इथंच वारला. पोरबाळ नव्हतं. शेजारच्या बाळासाहेबाच्या बांधावरच्या एका खोलीत ती राहायची, मजुरीला जायची आणि काम सुटलं की ठकूबाईच्या उंबऱ्यात येऊन बसायची. बसली की बोलायची, आणि बोलायची ती एकच गोष्ट. पाणी कसं चढत आलं, खाचरात भात कसं उभं होतं, नवरा कसा कमरेएवढ्या पाण्यात विळा घेऊन उतरला. ठकूबाई ‘व्हय बाई, व्हय’ म्हणत शेंगा निवडायची. ती गोष्ट आपल्याला आता तोंडपाठ झालीय, असं तिला वाटायचं.

पौषातली दुपार होती. आदल्या रात्री गुडघ्यानं ठकूबाईला झोपू दिलं नव्हतं. जेवण उरकून जरा अंग टाकावं म्हणून ती खाटेकडं निघाली, तेव्हा लांबून घुंगरांचा आवाज आला. या भागात उसाच्या कडेनं चालणारा माणूस काठीला घुंगरं बांधतो, जनावरानं ऐकावं आणि वाट सोडावी म्हणून. सारजाबाईच्या काठीचा आवाज ठकूबाई झोपेतही ओळखायची. आणि त्या दिवशी तिला सारजाबाईचा कंटाळा आला. माणसाचा कंटाळा यावा याची तिला लाज वाटली, पण आला. तिनं हात लांबवला आणि खटका खाली केला.

मग तिच्या लक्षात आलं की पुढच्या खोलीची खिडकी उघडी आहे. घाईघाईनं तिनं ती लावली, आणि कडी लागल्याचा आवाज आपल्यालाच मोठा वाटला म्हणून चोरासारखी पाऊल न वाजवता स्वयंपाकघराकडं पळाली. स्वतःच्याच घरात. उंबऱ्याशी घंगाळातलं पाणी सांडलेलं होतं. पाय सरकला आणि ती डाव्या अंगावर अशी आपटली की डोळ्यांपुढं काही दिसेना.

बाहेर घुंगरं पायरीशी येऊन थांबली.

त्या क्षणी ठकूबाईनं ओरडायला हवं होतं. ओरडली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण ओरडायचं म्हणजे काय सांगायचं? घरात आहे म्हणून? मग लाल कशाला लावला? जिच्या दारातून कुणी माघारी गेलं नव्हतं त्या बाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि कळ गिळली. जाऊ दे एवढी, मग उठते, असं तिनं स्वतःला सांगितलं. सारजाबाई पायरीवर थोडा वेळ उभी राहिली. एकदा खोकली. काहीतरी खाली ठेवलं आणि गेली.

घुंगरं पार लांब गेल्यावर ठकूबाई उठायला लागली. उजवा पाय उठला. डावा जिथं होता तिथंच राहिला, जणू दुसऱ्या कुणाचा होता. कोपरावर जोर देऊन तिनं अंग ओढलं, तशी कमरेतून अशी कळ गेली की तिच्या तोंडून आवाजही फुटला नाही. आता मात्र तिला कळलं. मोडलंय काहीतरी.

“सारजेऽऽ!” ती ओरडली.

पण शेजारच्या वावरात रोटाव्हेटर सुरू झाला होता, विहिरींवरच्या मोटारी घुमत होत्या, आणि श्वास घेतला की बरगडीत चमक निघत होती. आवाज दारापर्यंत तरी पोचला असेल की नाही कोण जाणे. ती पडली होती तिथून पुढचं दार समोर दिसत होतं, आणि दाराशेजारचा तो लाल ठिपकाही.

फोन खाटेवर होता. तो वाजायला लागला. भरतची दुपारच्या सुट्टीतली वेळ. वाजला, थांबला, पुन्हा वाजला. ठकूबाई त्याच्याकडं बघत राहिली. “बाळा, पडलेय रे मी,” ती वाजणाऱ्या फोनला म्हणाली. मग फोन गप्प झाला.

थोड्या वेळानं अंगणात मोटारसायकल आली. बाळासाहेबाची, तिच्या भसाड्या आवाजावरून मळ्यातलं लहान पोरही सांगेल. ठकूबाईचा जीव भांड्यात पडला. आला बाई. भरतनंच पाठवला असणार. तिनं होता नव्हता तेवढा जोर काढून हाक मारली, पुन्हा मारली. बाळासाहेबानं गाडी बंद केली नाही. गाडी बंद केली की पुन्हा चालू व्हायला त्रास देते, हे सगळ्या मळ्याला माहीत होतं. त्या धडधडाटातही तो फोनवर ओरडून बोलत होता, ते मात्र तिला नीट ऐकू आलं.

“भरतभाऊ, लाल हाय! व्हय, लाल! काकू बाहेर गेल्यात. लेण्याद्रीला गेल्या असतील न्हाईतर कुणाकडं. फोन घरीच ऱ्हायला असंल. काळजी करू नगा, राव!”

आणि तो गेला. तिकडं चाकणला पोराचा घोर मिटला. त्यानं हौसेनं बसवलेल्या दिव्यानंच तो मिटवला. ठकूबाई मोठ्यानं रडली. पोर वाईट नव्हतं, बाळासाहेब वाईट नव्हता, गोरख वाईट नव्हता. दिव्यावर विश्वास ठेवला सगळ्यांनी. आणि दिवा खोटं बोलत नव्हता, ती बोलली होती.

हाताशी कांद्याची पाटी होती. तिनं एक कांदा घेतला आणि खटक्यावर मारला. तो भिंतीला लागून घरंगळत तिच्याकडंच परत आला. दुसरा टीव्हीवर आपटला. मग ती मारतच सुटली. खालून वर लागायला हवा होता म्हणजे खटका वर गेला असता, हिरवा लागला असता. एक अगदी जवळ लागला, चौकटीला. ठिपका लालच राहिला. पाटी रिकामी झाली, खोलीभर कांदे पसरले आणि हात खांद्यापासून लुळा पडला. घशाला कोरड पडली होती. पाण्याचा हंडा ओट्यावर होता, म्हणजे मुंबईत असता तरी तेवढाच लांब.

मग तिला लाइटीची आठवण झाली. लाइट गेली तर लाल राहणार नाही! बटण मेलं की माणसं पूर्वीसारखी हाक मारतील, दार ठोठावतील. लाइट तर इथं रोज जाते. ऐन दळणाच्या वेळी जाते, मालिकेत सासू तोंड उघडते तेवढ्यात जाते. आयुष्यभर ठकूबाईनं लाइटवाल्यांचा उद्धार केला होता. आज ती थंड फरशीवर पडून हात जोडत होती. “गणराया, लाइट घालव. बाप्पा, एवढी लाइट घालव.” आणि मेली लाइट त्या दिवशी जायला तयार नव्हती. दोनदा अंगणातून कुणीतरी गेलं. एकदा तर बायकांचं बोलणं अगदी स्पष्ट आलं, “घरात न्हाईत वाटतं,” आणि पावलं पुढं गेली. तिची हाक आता हाक नव्हती, नुसती घरघर होती.

खिडकीच्या काचेवरचं ऊन गेलं. आता कुणी येणार नाही. तिन्हीसांजेला उसाच्या वाटेनं कोण कशाला येईल? रात्रभर या गारठ्यात आपण टिकत नाही, हे तिला साधं, हिशेबासारखं कळलं. नात आरोही डोळ्यांपुढं आली. आपण मेल्यावरही तो दिवा ‘नाही’ असंच सांगत बसेल, आणि तेव्हा ते खरं असेल.

आणि लाइट गेली.

ठिपका विझला. विहिरींवरच्या मोटारी एकदम गप्प झाल्या आणि सगळा मळा असा शांत पडला की गवतातला किडा ऐकू यावा. पण ऐकायला बाहेर कुणी नव्हतं. ठकूबाई अंधारात डोळे उघडे ठेवून पडून राहिली. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग लांबून, उसाच्या कडेनं, घुंगरं आली.

“ठकूअक्का? हायेस का गं?”

“हाय,” ती कशीबशी म्हणाली. “हाय गं सारजे. घरातच हाय. पडलेय. पाय मोडला.”

सारजाबाईनं दारावर थापा मारल्या, खांदा लावला. दार हललं नाही. “कवाधरनं पडलीयेस?”

“तू आली व्हतीस तवाधरनं.”

बोलून गेल्यावर तिला कळलं, आपण काय कबूल केलं ते. बाहेर थापा थांबल्या.

“चपला दिसल्या व्हत्या मला,” सारजाबाई दाराच्या फटीला तोंड लावून म्हणाली. “तुजी काठीबी हितंच. म्हटलं, बाई घरात हाय. आत काय तरी पडल्याचा आवाजबी आला व्हता. हाक मारावी वाटलं. पर जिला आपण नगं, तिला कशापायी हाक मारायची? हरभऱ्याची भाजी ठिवली आन् गेले. आता लाइट गेली, तवा म्हटलं, आता तर लाल न्हाई. बघून यावं.” मग तिनं विचारलं, “माज्यासाठीच लावला व्हता ना?”

खोटं बोलायला अजूनही वाव होता. चुकून लागला म्हणता आलं असतं.

“व्हय,” ठकूबाई म्हणाली. “तुज्यासाठीच लावला व्हता.”

सारजाबाई पायरीवरून उतरली आणि डोंगरातल्या बाया खोऱ्यापलीकडं हाक घालतात तशी तिनं बाळासाहेबाच्या वस्तीकडं हाक घातली. मोटारी बंद होत्या; हाक सरळ गेली. तिकडून ओ आली, बॅटरी हलली, गाडीला किक मारल्याचा आवाज आला. गाडी चालू होईना. पुन्हा किक, पुन्हा किक.

तेवढ्यात लाइट आली. मोटारी घुमायला लागल्या, आणि ठिपका पुन्हा लाल झाला. बाहेरचं बटणही झालं असणार. घुंगरं वाजली.

“सारजे, जाऊ नगं! त्येच्याकडं बघू नगं. तू बस हितं.”

“बसलेय,” पायरीवरून आवाज आला. “डोळा लागू दिऊ नगंस. ते येईस्तवर बोलत ऱ्हा.”

“काय बोलू?”

“कायबी बोल.”

कळ ठकूबाईच्या डोक्यात चढत होती. मग तिला जे तोंडपाठ होतं तेच तिनं सुरू केलं. “पाणी चढत व्हतं. तुमच्या खाचरात भात पोटरीला आलं व्हतं...”

“पोटरीला न्हाई गं,” सारजाबाई दारापलीकडून म्हणाली. “निसवलं व्हतं. लोंब्या बाहेर आल्या व्हत्या, दाणा भरत व्हता. म्हणून तर उतरला ना तो पाण्यात. एवढ्यांदा सांगितलं तुला.”