धामणीचा कमठा

धरणाच्या वरच्या अंगाला राहणारा तो कातकरी बोलायला लई कंजूष. धामणीची जन्मताच उलटी वाकलेली फांदी आणायचा आन कोयत्यानं तासून तिचा कमठा, म्हंजी धनुष्य, करायचा. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या न्हाईत तर कमठा मोडतो, म्हणून दुसऱ्या कुणी वडायचा आन त्यानं लांबून बघायचं.

माझी बायको गेली तवा मी घरात पडूनच हुतो. समदी येऊन समजूत घालून गेली. कातकरी मातूर अर्धवट तासलेला कमठा घेऊन आला.

"वड दादा."

"हातात जीव न्हाई रं."

"थोडाच वड. जोर केलास तर मोडंल."

मी वडला आन मला रडू फुटलं. त्याची नजर कमठ्यावरच.

"वरची बाजू ताठ हाय," म्हणाला आन माझ्या उंबऱ्यात बसून तासाया लागला. "आत जाऊ नगं, अजून वडायचाय."