ओढ्यापलीकडची राख
इथं परमुलखात कोणी पाचोळा पेटवला की मला आमगावच्या पूर्वेचं रान आठवतं. इंग्रजी अमलात, चौथीतून शाळा सोडून, मी तिथं वणव्याच्या राखणीवर होतो. ओढ्याअलीकडे सरकारी जंगल, पलीकडे संस्थानाचं. परवान्याशिवाय तिकडे पाय ठेवायची आम्हाला बंदी. त्या चैत्रात वणवा वाऱ्यासोबत पाठीवर आला आणि आम्ही तिघे कोरड्या ओढ्यात अडकलो. तेवढ्यात पलीकडच्या काठावर संस्थानाचे एक म्हातारे राखणदार आले, अन् त्यांनी आपल्याच बाजूचं गवत पेटवलं. "मामा, काऊन तुमचंच रान जाळून राहिले?" मी ओरडलो. "जळल्या जागी आग दुसऱ्यांदा येत नाई, बावा! परवाना मंग मांगजो, पह्यले वर ये!" त्यांची आग वाऱ्याबरोबर पुढे धावली, आणि मागे उरलेल्या गरम राखेत त्यांनी आम्हाला ओढून पालथं निजवलं. वणवा ओढ्यापर्यंत येऊन विझला. मी डोकं वर काढलं तेव्हा मामा मोहाच्या झाडांकडे पाहत होते. टपकायला आलेली फुलं फांद्यांवरच होरपळली होती. "गाव पावसापर्यंत हेच खाते," एवढंच ते बोलले. त्यांच्यामुळे मी आज आहे. पण पुढ्यात ताट आलं की अजून घोर लागतो, त्या साली त्या गावानं काय खाल्लं असेल?