खाचेची सुपारी

आत्या कोणाच्याही घरून उठली की मागं एक सुपारी राहायची. चहा पिऊन, पान खाऊन, चपला घालता घालता सहज आठवल्यासारखं ती एखादं स्थळ सुचवायची. मग पुन्हा आत जाऊन, लाल दोऱ्याचे दोन वेढे दिलेली एक सुपारी त्या घरच्या देवळीत ठेवायची आणि घरच्या बाईला बजावायची, "सोयरीक जमत नाई तवरक हिले हालवू नोका." सुपारीच्या बुडाशी अडकित्त्यानं पाडलेली बारीक खाच असायची. ती खाच ही आत्याची सही. सही करता येत असूनही तिचा भरवसा खाचेवरच जास्त होता.

ती माझ्या वडिलांची सख्खी बहीण, पण आमच्या ढाणकी गावात तिला सगळेच आत्या म्हणत. सोयरिकी जमवणं हा तिचा धंदा नव्हता, चसका होता. आमच्याकडे लग्न ठरलं की दोन्ही घरची माणसं बसून सुपारी फोडतात. आत्यानं पाच-पन्नास गावांत असा दंडकच घालून दिला होता की, ज्याची सुपारी फुटेल तो मध्यस्थ आणि मानाचा आहेर त्याचा. लुगड्याची तिला हौस नव्हती. ट्रंकेत घडी न मोडलेली लुगडी पडून असत. तिला चारचौघांत ऐकायचं असे ते एकच, की पहिलं नाव आत्यानं काढलं.

या सुखात माती कालवायला एक गृहस्थ होते. त्यांना आम्ही फेटेवाले काका म्हणायचो. केशरी फेटा, पांढऱ्या मिशा, कानात अत्तराचा फाया. काकांनी उभ्या आयुष्यात एक स्थळ सुचवलं नव्हतं, पण सुपारी फोडायच्या दिवशी नेमके ते नवऱ्या मुलाच्या बापाला खेटून बसलेले असत. "म्या तं पयलेच म्हटलं होतं," असं म्हणून खिशातली सुपारी काढून ठेवत. आत्याची देवळीतली सुपारी तोवर कुठं गेली, हे कोणालाच सांगता येत नसे. आयत्या बिळावर नागोबा म्हणजे काय, हे मी पुस्तकात वाचण्याआधी काकांना बघून शिकलो.

आत्याचा दुसरा गुण म्हणजे ती कोणालाही नाही म्हणत नसे. दारावर बांगडीवाली आली, हो. कोणी वर्गणी मागितली, हो. "हो म्हनाले काय जाते? नाई म्हटलं का सोयरीक मोडते," असं तिचं तत्त्वज्ञान होतं. या तत्त्वज्ञानानं एकदा माझ्याच पोटावर पाय दिला, आणि आत्या थेट कोर्टाच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहिली. ती हकीकत सांगायलाच हवी.

बोंडअळीनं कपाशी पोखरून काढली ती ही वर्षं. लोक फवारणीवर फवारणी करत होते आणि औषध बाधून यवतमाळच्या दवाखान्यात भरती होत होते. मी तेव्हा एक वेबसाइट चालवायचो. फवारणीचे मास्क, चष्मे, हातमोजे स्वतः विकत घेऊन, आमच्या वावरात भर उन्हात घालून बघायचो आणि कोणत्यात जीव गुदमरतो, कोणत्या चष्म्यावर वाफ धरते, ते साध्या मराठीत लिहायचो. खाली ऑनलाइन दुकानाची लिंक द्यायचो. लिंक दाबून कोणी दुकानात गेलं की त्याच्या ब्राउझरमध्ये माझ्या नावाची एक खूण बसायची. त्यानं खरेदी केली की दुकान ती खूण बघायचं आणि मला कमिशन द्यायचं. त्यातूनच मी पुढचा मास्क आणायचो. मग एकाएकी कमिशन आटलं. गावात मात्र ज्याच्या त्याच्या तोंडावर मीच सुचवलेला मास्क दिसत होता. दिवाळीपर्यंत हे असंच राहिलं तर साइट बंद करायची आणि पुण्याला नोकरी धरायची, असं मी घरी सांगून टाकलं. आत्या नुसती सुपारी कातरत राहिली.

चोर सापडला तो मिलिंदच्या ऑनलाइन सेवा केंद्रात. अख्ख्या बाजाराची ऑर्डर त्याच्याच कॉम्प्युटरवरून जायची, आणि मिलिंद इमानी माणूस, दर वेळी माझीच लिंक उघडायचा. एक दिवस मी त्याच्या शेजारी बसून नीट बघितलं. पैसे भरायच्या पानावर टुणकन एक चौकट वर आली, "कूपन शोधू का?" मिलिंदनं ती सवयीनं दाबली. कूपन मिळालं नाही, पण तेवढ्यात माझी खूण पुसली गेली आणि त्या चौकटवाल्या कंपनीची खूण लागली. माल मी सुचवला, गिऱ्हाईक मी आणलं आणि कमिशन तिचं.

"हे कूपनवालं एक्स्टेन्शन ब्राउझरमधी कोनं टाकलं रे?" मी विचारलं.

"आत्यानं," मिलिंद म्हणाला. "पोरापोरींचे बायोडाटा कराले येते ना ते. स्क्रीनवर आलं, सूट पाह्यजे का. तिनं हो दाबलं."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. घरी जाऊन मी आत्याला सगळं समजावलं. आमच्या वकीलबाईंना जे कळायला पुढं दोन बैठका लागल्या, ते आत्याला दोन वाक्यांत कळलं.

"म्हंजे फेटेवाला," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "अन् त्याले घरात म्याच घेतलं." त्या दिवशी तिनं दोनदा चहाला नाही म्हटलं. आत्याच्या तोंडून नाही मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं, आणि मला तिची दया आली.

दुसऱ्या दिवशी मात्र तीच मला धरून तालुक्याच्या गावी, उमरखेडला वकीलबाईंकडे घेऊन गेली. आम्ही त्या कंपनीवर दावा लावला. कंपनीचं म्हणणं पडलं की खटला चालवायचाच तर कंपनीच्या शहरात चालवा. आत्या म्हणाली, "चोरी ढाणकीत झाली, अन् पंचनामा का यायच्या घरी करता?" वकीलबाईंनी हेच वाक्य कायद्याचे कपडे चढवून लिहून दिलं आणि दावा उमरखेडलाच राहिला. पुढं तारखांमागून तारखा पडल्या, दिवाळी येऊन गेली. माझी बॅग भरलेली होती, पण आत्याची साक्ष व्हायची होती म्हणून थांबलो.

साक्षीच्या दिवशी ती ठेवणीतलं लुगडं नेसून आली. कंपनीचे वकील नागपूरचे होते, हसतमुख. त्यांनी मऊ आवाजात विचारलं, "आजी, कॉम्प्युटरनं विचारलं तेव्हा 'हो' तुम्हीच दाबलं ना?"

"म्याच दाबलं. मी कोनालेच नाई म्हनत नाई."

"म्हणजे परवानगी तुम्हीच दिलीत."

"देली," आत्या म्हणाली. "उन्हातून आलेल्या मानसाले पानी पाजाले घरात घेतलं. त्यानं पानी प्यावं अन् जावं. देवळीतली दुसऱ्याची सुपारी उचलून आपली ठेवाची परवानगी म्या कवा देली? इचारलं होतं का त्यानं?"

न्यायाधीश साहेबांनी विचारलं, कसली सुपारी? मग आत्यानं सुपारी, खाच, देवळी आणि फेटा असं सगळं बयाजवार सांगितलं. पट्टेवाल्यापर्यंत सगळे हसत होते. साहेबांनी हसू दाबत वकिलांना विचारलं, खूण बदलणार असल्याचं त्या चौकटीत लिहिलं होतं का? वकील म्हणाले, नियमावलीत आहे. साहेब म्हणाले, मी चौकटीचं विचारतो आहे. त्यावर वकिलांनी बरेच कागद चाळले.

दोन तारखांनंतर कंपनी तडजोडीला आली. माझं कमिशन परत मिळालं, साइट वाचली, मी बॅग रिकामी केली. आत्या तेवढी खूश नव्हती. तडजोडीच्या कागदावर लिहिलं होतं, 'कोणतीही चूक मान्य न करता'. ते वाक्य तिनं मला तीनदा वाचायला लावलं. "पैसे देले, पन पयले नाव कोनं काढलं, ते कुठी लेहलं?" मी म्हटलं, ते असं लिहीत नसतात आत्या. ती म्हणाली, "मंग कायचं कोर्ट."

पुढच्या उन्हाळ्यात ती गेली. दुपारी सुपारी कातरता कातरता भिंतीला टेकली, ती तशीच. मला बरेच दिवस अडकित्त्याचा आवाज आल्यासारखा व्हायचा.

वर्षभरानं माझं लग्न ठरलं. मुलगी फुलसावंगीची. स्थळ आलं ते फेटेवाल्या काकांच्या तोंडून, निदान आम्हाला तरी तसंच वाटलं. सुपारी फोडायच्या दिवशी काका माझ्या वडिलांना खेटूनच बसले होते. "म्या तं पयलेच म्हटलं होतं," म्हणत त्यांनी खिशातून सुपारी काढली. मला आत्याची इतकी आठवण आली की मी खाली बघत बसलो.

तेवढ्यात माझ्या होणाऱ्या सासूबाई उठल्या. "थांबा जी," म्हणाल्या आणि आत जाऊन मूठ बंद करून आल्या. मूठ उघडली तर लाल दोरा विटून गुलाबी झालेली सुपारी.

"आत्याबाई दोन-तीन वर्साखाली ठेवून गेल्या. म्हने, पोराचं कोर्टात चालू हाये. तो गावात राह्यते का पुन्याले जाते, ते ठरू द्या. राह्यला तं ही फोडजा. नाई तं कोनाले सांगू नोका."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. काकांनी हात पुढं करून ती सुपारी घेतली, बूड वर करून अंगठा फिरवला आणि आपली सुपारी गुपचूप खिशात टाकली.

"तिचीच हाये," ते म्हणाले. "हे खाच मी अंधारातही वळखतो."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले, तेव्हा आपण काय बोलून गेलो ते काकांना कळलं. त्यांनी फेटा सारखा केला. माझे वडील आधी हसले, मग सासूबाई, आणि शेवटी काकाही. आत्याची सुपारी काकांच्याच हातानं फोडली. आहेराचं लुगडं मी घरी नेऊन आत्याच्या ट्रंकेत, बाकीच्या लुगड्यांच्या वर ठेवलं.